विश्लेषण : घर विकायचे आहे, बाहेरून रंग कोणता द्यावा?

पावसाळा सरला की जुनी घरे विकायला काढणाऱ्यांची लगबग सुरू होते आणि त्याच सुमारास रंगाऱ्यांचे दिवसही भरतात. एजंटचा पहिला सल्ला ठरलेला असतो, ‘आधी बाहेरून रंग मारून घ्या, भाव वाढेल.’ भाव खरेच वाढतो का, कोणत्या रंगाने वाढतो, रंगाखाली काय झाकलेले चालते आणि काय नाही, आणि कोणत्या घरांना रंग न दिलेलाच बरा, याविषयी.

रंगामुळे घराची किंमत वाढते का?

कागदावर अजिबात नाही. मुद्रांक शुल्क ठरते ते करारातील किंमत किंवा रेडी रेकनरनुसार निघणारे मूल्य, यांपैकी जे जास्त असेल त्यावर. रेडी रेकनरमध्ये जागा, बांधकामाचा प्रकार आणि इमारतीचे वय यांचा हिशेब होतो. भिंत गुलाबी आहे की राखाडी, याला तिथे स्थान नाही. कर्ज देणाऱ्या बँकेचा मूल्यांककही क्षेत्रफळ, बांधकामाचा दर्जा, वय आणि आसपासचे व्यवहार पाहतो. नव्या रंगाने तो आकडा फारसा हलत नाही.

हलतो तो घासाघिशीतला आकडा. फाटकातून आत येतानाच पॅरापेटवरून उतरलेले काळे ओघळ दिसले, की ग्राहकाच्या मनात ‘गच्ची गळते’ अशी नोंद होते. मग तो गच्चीच्या दुरुस्तीचा खरा खर्च विचारत बसत नाही. अंदाजाने एक मोठी रक्कम वजा करतो आणि तिथूनच बोलणी सुरू करतो. ओघळ अनेकदा नुसत्या शेवाळाचे असतात, आत थेंबही नसतो. पण हे त्याला पटवून देणे ही विकणाऱ्याची डोकेदुखी होऊन बसते. म्हणजे रंगाने किंमत वाढते असे म्हणण्यापेक्षा ती विनाकारण पडायची थांबते, असे म्हणणे जास्त बरोबर. दुसरा फायदा वेळेचा. हल्ली घर पाहणे सुरू होते ते मोबाइलवरच्या फोटोपासून. पहिला फोटो कळकट असेल तर ग्राहक प्रत्यक्ष फाटकापर्यंत येतच नाही, आणि तीन-चार महिने तसेच पडून राहिलेल्या घराचा भाव आपोआप उतरतो.

परदेशातील आकडे काय सांगतात?

या विषयावर सर्वाधिक फिरणारे आकडे अमेरिकेतील ‘झिलो’ या घरविक्री संकेतस्थळाचे आहेत. २०१७ मध्ये या कंपनीने विकल्या गेलेल्या ३२ हजारांहून अधिक घरांचे फोटो तपासले. राखाडी आणि बेज यांच्या मधल्या फिक्या छटेत बाहेरून रंगवलेली घरे, मध्यम तपकिरी रंगाच्या तशाच घरांपेक्षा सुमारे ३,४९६ डॉलर जास्त भावाने गेल्याचे तिने जाहीर केले. पुढच्या वर्षी एक लाख ३५ हजारांहून अधिक फोटोंवरून तिने सांगितले, की काळ्या किंवा कोळशासारख्या गडद राखाडी मुख्य दरवाजाची घरे अपेक्षेपेक्षा ६,२७१ डॉलरपर्यंत जास्त मिळवून गेली.

हे आकडे आपल्याकडे समाजमाध्यमांवर ‘दार काळे करा, पाच लाख कमवा’ अशा थाटात फिरतात, तेव्हा दोन गोष्टी विसरल्या जातात. एक म्हणजे, दार काळे रंगवणारा मालक बहुधा बाकीचे घरही नीट राखणारा असतो. जास्तीचा भाव दाराला मिळाला की निगराणीला, हे अशा तुलनेतून पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. दुसरे म्हणजे, आपल्याकडे सागवानी दाराला रंग फासला तर ग्राहक हळहळेल. त्याला पॉलिशच हवे. आणि काळे दार, त्यावर लिंबू-मिरची नसली तरी, अनेक घरांत सासूबाईंच्या परीक्षेत नापास होते. या आकड्यांतून घ्यायचे ते एवढेच, की बाहेरच्या भिंतींना फिक्या, शांत छटा आणि गडदपणा असलाच तर तो लहान भागाला.

मग आपल्याकडे कोणते रंग चालतात?

मोतिया, हस्तिदंती, फिका बदामी, वाळूचा रंग, उबदार झाक असलेला हलका राखाडी. शेडकार्डवर यांना निरनिराळी आकर्षक नावे असतात, पण कुळ एकच. या रंगांचा गुण असा, की ते कुणाला फारसे आवडत नाहीत आणि कुणाला नावडतही नाहीत. राहायचे असेल तेव्हा आपल्या आवडीचा रंग द्यावा. विकायचे असेल तेव्हा ग्राहकाला नकाराचे कारण सापडणार नाही, असा. मालकाला हे पचायला जड जाते, कारण पंधरा वर्षे पोपटी भिंतीचे कौतुक ऐकलेले असते. महामार्गाच्या कडेला दिसणारी जांभळी-नारिंगी बंगली बांधणाऱ्याच्या हौसेची साक्ष देते. तिचे मोल त्याच्यापुरते असते.

पांढराशुभ्र मात्र टाळावा. धूळ, पावसाचे ओघळ आणि खिडकीच्या सज्जाखालचे डाग शुभ्र भिंतीवर सर्वात आधी उठून दिसतात. शिवाय दुपारच्या उन्हात काढलेल्या फोटोत शुभ्र घर नुसते पांढरे ठिगळ दिसते. बाल्कनी, सज्जा, कोपरे काहीच उमटत नाही. शुभ्रात किंचित पिवळी किंवा राखाडी झाक मिसळली, की तेच घर फोटोत उभे राहते.

आणखी एक बाब रंगारी बोलत नाही, पण विकणाऱ्याने लक्षात घ्यावी. गडद भगवा, गडद हिरवा, गडद निळा हे आपल्याकडे नुसते रंग राहिलेले नाहीत. पाहणारा त्यातून मालकाची ओळख, पक्ष आणि गल्लीतले वातावरण यांचा अंदाज बांधतो. तो अंदाज चुकीचा असला तरी ग्राहक गेलेला असतो. वास्तुशास्त्र मानणाऱ्यांचेही तसेच. कोणत्या दिशेला कोणता रंग, यावर दोन सल्लागारांचे एकमत होत नाही. फिक्या मातकट छटांवर मात्र सहसा कुणी आक्षेप घेत नाही. विकणाऱ्याला एवढे पुरते.

एका घराला तीन रंग पुष्कळ झाले. मोठ्या भिंतींना फिका, पट्ट्या आणि सज्जांना त्याच कुळातला एक गडद, आणि ग्रिल-फाटकाला काळा किंवा गडद तपकिरी. प्रत्येक मजल्याला आणि प्रत्येक खांबाला वेगळा रंग दिला, की घर आहे त्यापेक्षा लहान दिसते.

प्रदेशानुसार फरक पडतो का?

पडतो, आणि शेडकार्ड हे सांगत नाही. कोकणात पागोळ्यांचे पाणी अंगणात आपटते आणि तांबड्या मातीचे शिंतोडे भिंतीवर दोन-अडीच फुटांपर्यंत उडतात. जुन्या घरांच्या जोत्याला गेरूचा किंवा काळपट पट्टा असे, तो याच अनुभवातून. आज फिक्या रंगाचे घर थेट जमिनीपर्यंत रंगवले, तर पहिल्या पावसातच खालचा भाग विटलेला दिसतो. दोन-तीन फुटांचा गेरूच्या जवळ जाणारा किंवा गडद राखाडी पट्टा ठेवला, तर ते घर वर्षभर स्वच्छ दिसते. कोकणात भिंतींवर शेवाळ आणि बुरशीही लवकर धरते. त्यामुळे तिथे छटेपेक्षा डब्यातील रंग बुरशीरोधक आहे का, हा प्रश्न आधी.

विदर्भात गोष्ट उलटी. नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तिथे गडद राखाडी किंवा चॉकलेटी पश्चिम भिंत म्हणजे आत बसलेल्यांना शिक्षा. घर पाहायला येणारा एप्रिल-मे मध्ये दुपारी चार वाजता आला, तर भिंतीचा ताप त्याला हाताला जाणवतो. फिका रंग ऊन जास्त परतवून लावतो, हे त्याला सांगावे लागत नाही.

गोव्यात फिक्याचा आग्रह धरू नये. पणजीच्या फोंतेंन्हास भागातील पिवळी, निळी, तांबडी घरे पाहायला लोक लांबून येतात. पोर्तुगीज काळात शुभ्र रंग चर्चसाठी राखीव होता आणि म्हणून घरे रंगीत झाली, असे तिथे सांगितले जाते. त्या धाटणीचे जुने घर घेणाऱ्या ग्राहकाला ते रंगच हवे असतात. खिडक्यांच्या चौकटींना पांढरी किनार ठेवून भिंत पिवळी किंवा निळी करणे हेच तिथे बाजाराला धरून आहे.

पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या रो-हाउसमध्ये रांगेतल्या शेजाऱ्यांकडे पाहावे लागते. सहा घरे बदामी आणि मधले एक हिरवे, अशी रांग असेल तर हिरवे घर विकायला काढणाऱ्याने बदामीकडे वळावे. रांगेत मिसळून जाणे इथे फायद्याचे असते.

दुकानात पसंत केलेली छटा भिंतीवर वेगळी का दिसते?

शेडकार्डवरचा चौकोन बोटाएवढा असतो आणि दुकानात दिवे असतात. तीच छटा वीस फुटी भिंतीवर आणि उन्हात कार्डापेक्षा अधिक फिकी, पण अधिक रंगीत वाटते. कार्डावर सौम्य वाटलेला पिवळा भिंतीवर भडक होतो, तो यामुळे. म्हणून कार्डावर ‘थोडा मळकट वाटतो’ असा रंग निवडणारे बहुधा बरोबर ठरतात.

अनेक कंपन्या छटेसोबत ‘एलआरव्ही’ हा आकडा देतात. रंग किती प्रकाश परत फेकतो, याचे ते माप; शून्य म्हणजे पूर्ण काळा, १०० म्हणजे पूर्ण पांढरा. मोठ्या भिंतींसाठी साधारण ५५ ते ७५ च्या दरम्यानची छटा घेतली, तर डोळे दिपत नाहीत आणि भिंत तापतही नाही. ही काही काटेकोर मर्यादा नव्हे, पण दुकानात गोंधळ उडाला तर धरायला दांडी आहे.

खरी परीक्षा भिंतीवर. दोन-तीन छटांचे छोटे डबे आणून प्रत्येकीचा तीन बाय तीन फुटांचा चौकोन, एक उन्हाच्या आणि एक सावलीच्या भिंतीवर, दोन हात मारून घ्यावा. जुन्या रंगावर एकच हात मारला तर खालचा रंग डोकावतो आणि निर्णय चुकतो. सकाळी, दुपारी आणि दिवे लागणीच्या वेळी तो पाहावा, आणि मोबाइलने फोटोही काढावा, कारण ग्राहक आधी फोटोच पाहणार आहे.

कोणते रंग लवकर उडतात?

गेरू, पिवळी माती, तपकिरी, राखाडी या छटा लोहभस्मासारख्या खनिज रंगद्रव्यांपासून बनतात. उन्हाने त्यांचे फारसे बिघडत नाही. झगझगीत पिवळा, लाल, जांभळा आणि काही हिरव्या छटांसाठी सेंद्रिय रंगद्रव्ये लागतात. त्यांतली अनेक अतिनील किरणांपुढे टिकत नाहीत. भडक रंग दोन-तीन उन्हाळ्यांत पश्चिमेला उडतो आणि उत्तरेला तसाच राहतो, मग एकच घर दोन रंगांचे दिसते. भडक छटा महागही पडतात, कारण त्यांच्या डब्यात रंगद्रव्य जास्त असते आणि झाकण्याची ताकद कमी असल्याने कधी कधी तिसरा हात द्यावा लागतो.

ओल रंगाखाली झाकली तर?

या विषयातील सर्वात गंभीर प्रश्न हाच आहे, आणि त्यावर सर्वात कमी बोलले जाते. घर विकण्याआधी भिंतीवरचे पोपडे खरवडून, वर पुट्टी ओढून, दोन हात रंग मारला की चार महिने सगळे छान दिसते. पहिल्या पावसात लोणा परत फुटतो. तोवर घर नव्या मालकाचे झालेले असते.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, मालमत्तेतील ज्या महत्त्वाच्या दोषाची विक्रेत्याला कल्पना आहे, ग्राहकाला नाही, आणि जो ग्राहकाला सर्वसाधारण काळजी घेऊनही सापडण्यासारखा नाही, तो दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तसे न सांगणे हे कायदा कपटाचे मानतो. उघड्या डोळ्यांना दिसणारी ओल हा ग्राहकाने पाहण्याचा भाग; तीच ओल नव्या रंगाने दिसेनाशी केली, तर ‘तुम्ही पाहून घ्यायला हवे होते’ हा बचाव लंगडा पडतो. ‘रेरा’ कायद्यातील पाच वर्षांची दोषदुरुस्तीची जबाबदारी विकासकावर असते. जुने घर विकणाऱ्या व्यक्तीकडून घेतले तर ग्राहकाला ते कवच मिळत नाही, त्यामुळे तो या कलमाकडेच वळणार.

अनुभवी ग्राहक तसाही फसत नाही. ताज्या रंगाचा वास आला की तो पहिले विचारतो, ‘आत्ताच का रंग दिला?’ मग बाथरूमच्या मागची भिंत, टाकीखालचा कोपरा, खिडकीची खालची कड हाताने दाबून पाहतो. यावर चांगला उपाय म्हणजे आधी गळती काढणे, गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि भेगा भरणे, त्याची बिले आणि आधी-नंतरचे फोटो जपून ठेवणे आणि मगच रंग. बिले हातात ठेवली की ग्राहकाचा आवाज बदलतो. ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी याहून उत्तम म्हणजे उन्हाळ्यात रंग देऊन, एक पावसाळा जाऊ देऊन, मग घर दाखवणे. पाऊस खाऊनही कोरडी राहिलेली भिंत कोणत्याही बिलापेक्षा जास्त बोलते.

फ्लॅट विकणाऱ्याच्या हातात काय आहे?

बाहेरची भिंत सोसायटीची. आपल्या बाल्कनीची बाहेरची बाजू वेगळ्या रंगाने रंगवायची नसते; तसे केल्यास सोसायटीची नोटीस येऊ शकते. इमारतीला रंग कधी, कोणता, हे सर्वसाधारण सभेत ठरते. आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीसाठी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी गोळा करते. इतक्यात संपूर्ण इमारतीची दुरुस्ती आणि रंग क्वचितच भागतो, आणि मग मोठी वर्गणी निघते. १५ ते ३० वर्षांच्या इमारतींना दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्यांना दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असते. अशा वेळी विक्री ठरली असेल तर जाहीर झालेली वर्गणी कोण भरणार, विकणारा की घेणारा, हे करारात लिहून घ्यावे. रंग कोणता, यापेक्षा या एका वाक्याने जास्त भांडणे टळतात.

परांची बांधलेली असताना घर दाखवू नये. इमारतीला हिरवी जाळी, जिन्यात सिमेंटच्या गोण्या, बाल्कनीत अंधार. चांगला फ्लॅटही अशा वेळी केविलवाणा दिसतो. शक्य असेल तर काम संपेपर्यंत थांबावे. विकणाऱ्याच्या ताब्यात राहते ते दाराचे पॉलिश, सेफ्टी डोअर, गंजलेल्या ग्रिलवर रेड ऑक्साइड मारून वर काळा किंवा इमारतीत चालू असलेला रंग, बाल्कनीचे छत आणि नावाची पाटी. एक शनिवार-रविवारचे काम.

किती रंग लागतो आणि कधी द्यावा?

तीस बाय चाळीस फुटांचे दुमजली घर घेऊ. परीघ १४० फूट, उंची २२ फूट, म्हणजे ३,०८० चौरस फूट भिंत. दारे-खिडक्यांचे साधारण १५ टक्के वजा केले तर सुमारे २,६०० चौरस फूट उरते. बाहेरचा इमल्शन रंग दोन हातांत लिटरला साधारण ५० ते ६० चौरस फूट जातो. ५५ धरले तर ४७ ते ४८ लिटर. वीस लिटरच्या दोन बादल्या आणि दहाचा एक डबा. रंगाऱ्याने चार बादल्या सांगितल्या तर भिंत मोजायला टेप त्याच्या हातात द्यावा. प्रायमर वेगळा. कंपाउंडची भिंत या हिशेबात नाही आणि नेमकी तीच राहून जाते. फोटोत मात्र ती सर्वात पुढे असते.

पूर्वी बाहेरून सिमेंट पेंट, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘स्नोसेम’, मारण्याची पद्धत होती. ते स्वस्त पडते, पण हात लावला की भुकटी निघते आणि त्यावर थेट इमल्शन मारले तर सुटते. जुना सिमेंट पेंट घासून, धुऊन, प्रायमर मारूनच पुढे जावे. गिलावा नवा असेल तर त्याला चार आठवडे तरी वाळू द्यावे. ओल्या सिमेंटचा क्षार रंगाला खातो. ऑक्टोबरअखेर ते मे हा काळ योग्य. दसरा-दिवाळीच्या तोंडावर रंगारी मिळत नाहीत आणि मिळाले तर घाईत एक हात खातात. दिवाळीनंतर काम काढले तर घर गुढीपाडवा-अक्षय्य तृतीयेच्या खरेदीच्या दिवसांपर्यंत दाखवण्याजोगे होते.

कोणत्या घराला रंग देऊच नये?

जे घर पाडले जाणार आहे त्याला. पुण्यात प्रभात रस्ता, एरंडवणे, डेक्कन परिसरातील जुने बंगले घेणारा बहुधा विकासक असतो. तो जमीन आणि एफएसआय मोजतो. भिंतीकडे पाहतही नाही. तिथे रंगाचा खर्च वाया. आवारातली झाडे, मोजणीचा नकाशा आणि वारसदारांच्या सह्या यांकडे लक्ष द्यावे.

वारसा यादीतील इमारतींचा बाहेरचा रंग बदलण्याआधी स्थानिक स्वराज्य संस्थेकडे चौकशी आवश्यक. आणि उघड्या दगडाला रंग लावू नये. काळ्या बेसॉल्टची, जांभ्याची किंवा नीट सांधे भरलेली विटांची भिंत हल्लीच्या ग्राहकाला मुद्दाम हवी असते. त्यावर फासलेला रंग दगडातली ओल आत कोंडतो आणि काही वर्षांत पापुद्र्यांनी सुटू लागतो. मग तो काढायला रंग देण्याच्या कितीतरी पट मजुरी लागते आणि छिद्रांत अडकलेला रंग शेवटपर्यंत निघत नाही. अशा भिंतीला मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरते. शेवाळ निघाले, सांधे भरले, की फोटो काढून घ्यावा.